शेवट आधीच ठाऊक असतो, मग साधीसुधी रोमँटिक कॉमेडी का बघायची?

तुमचं म्हणणं असं की पोस्टरवरचे दोघं शेवटी एकत्र येणार हे तिकीट काढतानाच कळतं, वर त्यात मारामारी नाही की परदेशातली गाणी नाहीत, मग दोन तास कशाला घालवायचे? मला तर शेवट ठाऊक असणं ही सोयच वाटते. 'काय होणार' याची चिंता मिटली की 'कसं होणार' हे निवांत बघता येतं, आणि या जातीच्या सिनेमाची सगळी मजा त्यातच असते.

मी मडगावला राहतो, नोकरी पणजीत. हिंदी सिनेमातलं गोव्यातलं प्रेम म्हणजे समुद्र, माड आणि भाड्याची स्कूटर. त्या जोडप्याला पोटापाण्याचा उद्योग नसतो, घरचा फोन येत नाही. आमच्याकडे प्रेम जमायचं तर कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या, शटलच्या रांगेत. एका संध्याकाळी पणजीच्या स्टँडवर एक मुलगा मागच्यांना 'तुम्ही व्हा पुढे' म्हणत सारखा मागे सरकत होता. मला वाटलं, काय सज्जन पोरगा! मग दिसलं, थोडं मागे एक मुलगी उभी होती. तिच्या पाठोपाठ तिकीट मिळालं, शेजारची सीटही मिळाली. आणि मडगाव येईपर्यंत पठ्ठ्या एक अक्षर बोलला नाही, नुसता खिडकीबाहेर बघत बसला. खिडकी तिच्या बाजूला होती, एवढंच.

यावर सिनेमा काढता येतो, आणि बासू चटर्जींनी तो १९७६ साली काढलाय: 'छोटी सी बात'. अमोल पालेकरचा अरुण बसस्टॉपवरच्या प्रभाच्या (विद्या सिन्हा) मागे मागे जातो, पण तोंड उघडत नाही. त्यात खलनायक नाही, श्रीमंत बाप नाही. आडवा येतो तो असरानीचा नागेश, आणि त्याचं हत्यार काय, तर स्कूटर! तो तिला लिफ्ट देतो, हा बघत राहतो. मग अरुण जुनी मोटारसायकल घेतो आणि ती ऐन वेळी दगा देते. मी तिथं पोट धरून हसलो, कारण ती गाडी त्याच्या गळ्यात कशी मारली जाते हे आपण आधी सविस्तर पाहिलेलं असतं. मधे अरुण थिएटरात धर्मेंद्र-हेमामालिनीचं गाणं बघतो आणि पडद्यावर त्यांच्या जागी स्वतःला नि प्रभाला बसवतो. फिल्मी प्रेम आणि बसस्टॉपवरचं प्रेम यांतला फरक सिनेमाच आपल्याला दाखवून देतो, भाषण न ठोकता. (मुलीच्या मागे रोज जाणं आज खटकतं, आणि खटकायलाच हवं. पण तिलाही ते सगळं कळत असतं, ती काही भोळी नाही.)

त्याच बासूदांचा 'बातों बातों में' (१९७९) आम्हा गोंयकारांनी तर बघावाच. त्या काळी हिंदी सिनेमातला ख्रिश्चन माणूस बहुधा दारूच्या बाटलीसकट यायचा. इथं टोनी ब्रगांझा आणि नॅन्सी लोकलमध्ये भेटतात, घरात लग्नाची घाई झालेली आई आहे, आणि नायकाला प्रेम हवं असतं पण लग्न म्हटलं की पोटात गोळा येतो. अशी घरं मला आमच्या आळीत आजूबाजूला दिसतात, फक्त आडनावं कधी नाईक, कधी कामत.

मराठीत सतीश राजवाडेचा 'मुंबई-पुणे-मुंबई' (२०१०) आहे. स्थळ नाकारायला पुण्यात आलेली मुलगी, तिला भेटलेला एक मुलगा आणि दिवसभराची भटकंती. जवळजवळ सगळा सिनेमा मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी बोलण्यावर तोलून धरतात. नाटकांवर वाढलेल्या माणसाला हा जड जाणार नाही.

आता, वास्तववादी म्हणून मिरवणारे कंटाळवाणे सिनेमेही ढीगभर आहेत. दोघं कॅफेत बसून कुरकुरतात आणि त्याला खरं आयुष्य म्हणायचं. माझी कसोटी सोपी: नायकाला पगार किती, तो कामावर कसा जातो, घरी त्याची वाट कोण बघतं, हे मला कळलं का? नसेल तर मी उठतो.

सुरुवात 'छोटी सी बात'पासून करा. अशोककुमारचा कर्नल खंडाळ्यात अरुणला शिकवणी देतो तो भाग जरा अतिशयोक्त आहे, तेवढा चालवून घ्या.