घरात चाक आहे, मग डिग्री कशाला?

प्रश्न : ताई, मी बेळगावच्या खानापूर तालुक्यातली. आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या कुंभारकाम चालतंय. यंदा बारावी झाली. मला सिरॅमिक शिकून पुढं युनिव्हर्सिटीत शिकवायचंय. बाबा म्हणतात माती घरातच शिकता येते, डिग्री कशाला, आणि आई म्हणते बीएड कर, नोकरी तरी लागेल. काय करू?

उत्तर : बाबांचं अर्धं बरोबर आहे बघ. चाकावर गोळा मधोमध बसवायलाच कॉलेजातल्या पोरांचे महिने जातात, तुझा हात आधीच बसलाय. पण युनिव्हर्सिटीत पर्मनंट जागा पाहिजे तर साधारण चार वर्षांचं बीएफए किंवा बीव्हीए, म्हणजे कलेची डिग्री, मग मास्टर्सला किमान 55 टक्के (ओबीसी नॉन-क्रीमी लेयरला 5 टक्के सवलत) आणि नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, हाच सरळ रस्ता. बीएड शाळेसाठी लागतं, इथं नाही.

आणि घरात जे मिळत नाही ते भट्टीचं शास्त्र. बाबा आवा पेटवताना सुरवातीला जाळ बारीक ठेवतात की नाही? मातीतलं पाणी हळूहळू निघावं म्हणून, नाहीतर वाफ कोंडून मडकं फुटतं. हे त्यांना हातानं ठाऊक आहे, तुला कारणासकट कळेल. आपली लाल माती, लोह भरपूर, हजार अंशांच्या आसपास छान भाजते पण तीच स्टोनवेअरच्या, म्हणजे जास्त तापात भाजलेल्या टणक भांड्यांच्या, 1200-1300 अंशांवर नेलीस तर फुगते, वाकते, भट्टीतल्या शेल्फला चिकटून बसते, मग तिच्यात काय मिसळायचं, ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात, सिलिका किती, अल्युमिना किती, वितळवायला फ्लक्स कुठलं, हे शिकलीस की घरच्या मातीचंच नवीन काम उभं राहील, आणि मला तरी तुझ्याकडून तेच बघायला आवडेल.

सिरॅमिक कलाकार ज्योत्स्ना भट्ट यांचं काम नक्की बघ. बडोद्याच्या एमएस युनिव्हर्सिटीत शिकल्या, तिथंच कित्येक वर्षं सिरॅमिक शिकवलं आणि स्वतःचं कामही चालू ठेवलं, त्यांची मांजरं, घुबडं, कमळाच्या कळ्या काय सुंदर आहेत! 2020 साली गेल्या. बडोद्याला मराठी माणसंही पुष्कळ, तुला परकं वाटणार नाही. शांतिनिकेतनचाही विचार कर.

आईची काळजी मात्र खोटी नाही. सिरॅमिकच्या जागा मोजक्याच निघतात, बरेच जण आधी गेस्ट लेक्चरर म्हणून राबतात, तेव्हा शिकतानाच स्वतःचं काम विकायची सवय लाव, पगाराच्या भरवशावर राहू नको. आईला खानापुरातलीच खादी ग्रामोद्योगची कुंभारकाम संस्था दाखवून आण, या विद्येला सरकारदरबारी जागा आहे हे त्यांना डोळ्यांनी दिसू दे.

आणि एक, घरी सुकी माती झाडूनं झाडत असाल तर आजपासून बंद करा. त्या धुळीतली सिलिका वर्षानुवर्षं फुप्फुसात साठते आणि तो आजार बरा होत नाही. ओल्या फडक्यानंच पुसा, बाबांनाही सांग.

आता रोज ड्रॉइंग कर, प्रवेश परीक्षेला ते लागतंच. आणि केलेल्या प्रत्येक भांड्याचा उजेडात नीट फोटो काढून ठेव, पोर्टफोलिओ त्यातूनच होईल.