अंगठ्याच्या नखातील काळी रेघ

प्रश्न : माझ्या आईचे वय ५८ असून वर्ण सावळा आहे. वर्षभरापासून तिच्या पायाच्या अंगठ्याच्या नखात एक काळी उभी रेघ असून ती रुंदावत आहे. सावळ्या माणसांना त्वचेचा कर्करोग होत नाही, असे शेजारी म्हणतात. दुर्लक्ष करावे का?

उत्तर : मुळीच करू नये. मेलॅनोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग, सावळ्या वर्णात विरळा असला तरी होतो, आणि झालाच तर बहुधा तळपाय, तळहात वा नखाखाली, जिथे ऊन फारसे पोहोचत नाही अशा जागी होतो. या प्रकाराला अ‍ॅक्रल लेंटिजिनस मेलॅनोमा म्हणतात. गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्यात १९७७ मध्ये हाच आढळला होता. १९८१ मध्ये, अवघ्या ३६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर फिकट, सरळ रेघा असतात. त्यांना घाबरू नये. मात्र एकाच नखात नव्याने उमटलेली, ३ मिलिमीटरहून रुंद वा रुंदावणारी, रंगाने असमान रेघ, आणि विशेषतः नखाच्या कडेच्या कातडीवर पसरलेला काळेपणा, ही लक्षणे गंभीर मानावीत. ठेच लागून साकळलेले रक्त नख वाढेल तसे पुढे सरकते. ही रेघ मात्र मुळापासून टोकापर्यंत तशीच राहते.

आईंना याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. ते डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, पाहतील आणि गरज वाटल्यास नखाच्या मुळाचा तुकडा तपासणीस पाठवतील. तळपायावरचा न भरणारा व्रणही भोवरी समजून मलमावर काढू नये. अशा दिरंगाईचीच मला सर्वाधिक धास्ती वाटते.