‘५० + बिल’ का अडतं?

प्रश्न : सर, म्हापशाच्या बाजारात बाबांचं दुकान आहे. हिशेबासाठी मी सी प्लस प्लसमध्ये ‘रक्कम’ नावाचा क्लास (स्वतः बनवलेला डेटाचा प्रकार) लिहिला. + त्याच्या आतच आहे. ‘बिल + ५०’ चालतं, ‘५० + बिल’ लिहिलं की कंपायलर एरर देतो. सगळेच ऑपरेटर क्लासबाहेर काढू का?
– एक विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर : सगळे नकोत, पण + काढच. तो आत असला की ‘बिल + ५०’ म्हणजे बिलाच्या मेंबर फंक्शनला (क्लासच्या आतल्या फंक्शनला) दिलेलं ५०. त्या ५०ची ‘रक्कम’ तुझा कन्स्ट्रक्टर (नवी ‘रक्कम’ घडवणारं फंक्शन) करून देतो. उलट लिहिलंस की डावीकडे साधा इंट (पूर्णांक) येतो. त्याला मेंबर नसतात, आणि तुझ्या क्लासचा मेंबर सापडावा म्हणून कंपायलर डाव्या बाजूचं रूपांतर करत नाही. बाहेरच्या फंक्शनला दोन्ही बाजू अर्ग्युमेंट म्हणूनच मिळतात, त्यामुळे दोन्हींचं रूपांतर होतं.

पण बाय, तुझं ५० रुपये की पैसे? मी एका दुकानाला बिलाचा प्रोग्राम करून दिला होता. क्लास आतून पैसे मोजायचा आणि मी हमालीचे ५० रुपये नुसते ‘+ ५०’ असे मिळवले. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर, माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या) सामानाची गर्दी असताना, प्रत्येक बिलात हमाली ५० पैसेच लागत गेली. कंपायलरने हूं की चूं केलं नाही. तेव्हापासून पैशांच्या क्लासचा कन्स्ट्रक्टर मी ‘एक्सप्लिसिट’च ठेवतो, म्हणजे आपोआप रूपांतर बंद. मग ‘५० + बिल’ही अडतं आणि ‘बिल + ५०’ही, आणि ते अडावंच.

तरीही + बाहेरच लिही. += डाव्या रकमेत बदल करतो, म्हणून तो आत शोभतो. + ने डाव्या रकमेची प्रत घ्यावी, तिच्यावर += चालवावा आणि ती परत द्यावी. क्लासच्या प्रायव्हेट भागाला हात लागत नाही, ‘फ्रेंड’चीही (बाहेरच्या फंक्शनला तो भाग वापरू देण्याच्या परवानगीची) गरज पडत नाही. फक्त फंक्शन क्लासच्याच नेमस्पेसमध्ये (नावांच्या गटात) ठेव, म्हणजे कंपायलरला ते आपसूक सापडतं.

छपाईच्या << च्या डावीकडे स्टँडर्ड लायब्ररीचा स्ट्रीम असतो. त्या क्लासमध्ये तुला मेंबर घालता येत नाही, म्हणून तोही बाहेर. =, [], () आणि -> मात्र भाषेच्या नियमानेच आत लागतात.

दोन रकमा सारख्या आहेत का ते पाहणाऱ्या == चं थोडं वेगळं आहे. सी प्लस प्लस २०पासून कंपायलर बाजू उलटवूनही पाहतो, त्यामुळे तो आत असला तरी चालून जातो. + ला ही सवलत नाही.