कोबा न फोडता वर वाड्याच्या जुन्या विटा बसतील का?

तुमचं म्हणणं असं: बेळगावच्या शहापुरातल्या घराच्या परसूत सिमेंटचा जुना कोबा आहे, वाडा उतरवला त्याच्या हजारेक विटा भिंतीकडेला रचून ठेवल्यात, आणि कोबा तसाच ठेवून त्या वर बसवायच्या आहेत.

बसतात की. मी एकाच अंगणात दोनदा बसवल्यात, कारण पहिल्यांदा चुकलो.

आमचं घर खानापूरजवळ. कोबा ठणठणीत होता, म्हणून वर दोन इंच वाळू ओढली, विटा मांडल्या, दरजांत बारीक वाळू झाडली आणि मोकळा झालो. उन्हाळाभर येणारा-जाणारा थांबून बघायचा. आषाढ लागला आणि विटेच्या एका टोकावर पाय पडला की दुसऱ्या टोकातून गढूळ पाण्याची पिचकारी पायजम्यावर. एक वीट उचकटली तर खाली वाळू कसली, नुसता राड! त्यात दोन गांडुळं निवांत.

बैलहोंगलकडचा एक गवंडी बघायला आला. विटांना हातसुद्धा लावला नाही. कोब्याच्या कडेला उकिडवा बसला आणि विचारलं, "नीर एल्ली होगतैत्री?" पाणी जातं कुठं? मी गप्प.

सगळी गोम इथंच आहे. दरजा कितीही गच्च भरा, पाणी खाली उतरतंच. मातीवर ते मुरून जातं, कोब्यावर अडतं. म्हणून विटांना हात लावायच्या आधी कोब्यावर पाईपनं पाणी सोडा आणि तासाभरानं जिथं डबकं राहील तिथं खडूनं गोल करा. पाच फुटाला इंचभर ढाळ घरापासून बाहेर हवाच. नसेल तर सिमेंटच्या मालानं आधी तो काढून घ्या. वाळू कमीजास्त करून ढाळ आणायचा म्हटलं तर जाड वाळू बसते आणि वर खळगे पडतात. मग खडूच्या गोलांत आणि ढाळाच्या खालच्या कडेला तीन-चार फुटांवर दोन इंची भोकं आरपार पाडायची, खडीनं भरायची आणि वर जिओटेक्स्टाइलचा, म्हणजे पाणी सोडणाऱ्या पण वाळू अडवणाऱ्या कापडाचा तुकडा टाकायचा, म्हणजे वाळू वाहून जात नाही.

पण ही भोकं आपल्याकडच्या तांबड्या मातीत चालतात. अथणी किंवा बैलहोंगलच्या काळ्या मातीवर घर असेल तर भोकं पाडू नका. ती माती पाणी धरते, फुगते आणि कोबाच उचलते. तिथं सगळं पाणी ढाळानं कडेच्या गटारीत काढायचं. आणि कोबा आत्ताच तडकून वरखाली झाला असेल तर फोडलेलाच बरा. खालची भेग वर विटांतून दिसायला वेळ लागत नाही.

आता विटा. वाड्याच्या भिंतीत सगळ्याच विटा खणखणीत नसतात. गिलाव्याआड कमी भाजलेल्याही खपून जायच्या. दोन विटा एकमेकींवर आपटा. टण्ण वाजली तर ठेवा, भद्द वाजली तर बाजूला. शंका असेल ती कोरडी वजन करून दिवसभर टाकीत बुडवा. तीन किलोची वीट सहाशे ग्रॅमहून जास्त पाणी प्याली तर अंगणात नको. न्हाणीच्या भिंतीतल्या विटांना हमखास लोणा असतो. पांढरी भुकटी दिसली तर कोरड्या ब्रशनं झाडा, धुऊ नका. धुतलं की क्षार परत आत जातात. चुन्याचा माल थापीनं खरवडला की सुटतो. सिमेंटचा सुटत नाही, विटेचा टवका घेऊनच येतो.

बसवताना आधी चारी कडांची ओळ १:४ मालात (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) पक्की करा, खालच्या कडेला मात्र मधे मधे बोटभर फट ठेवा. कडा मोकळी राहिली तर विटा महिनाभरात सरकतात. आत दोन पाईप ठेवून लाकडी पट्टीनं वाळू ओढायची, इंच-दीड इंच, जाडसर आणि धुतलेली. गिलाव्याची बारीक वाळू पाणी धरते. विटेवरच्या शिक्क्याचा खळगा खाली, दोन विटांमधली दरज पेन्सिलीएवढी किंवा थोडी कमी. जुन्या विटांची जाडी सारखी नसते, म्हणून जाड-पातळ आधी वेगळ्या करा आणि फळी ठेवून रबरी हातोड्यानं ठोका. व्हायब्रेटर मशीन नको, निम्म्या विटा फुटतील. हे सगळं पायी वावराला. गाडी लावणार असाल तर वाळू सोडा, विटा भिजवून मालातच बसवा आणि कोब्याला जिथं सांधा आहे तिथं वरही सांधा ठेवा.

उंची मोजायला विसरू नका. वीट तीन इंच अन् वाळू एक-दीड, म्हणजे अंगण चार-साडेचार इंच वर येतं. जुन्या घरांची जोती उंच, त्यामुळं उंबऱ्याला सहसा अडचण नाही. तरी ओलीला अडवणारा जोत्याचा थर नव्या अंगणाच्या सहा इंच वर राहतो का ते पट्टी लावून बघा. सांडपाण्याच्या चेंबरचं झाकण त्याच वेळी वर उचलून घ्या. मी ते गाडलं होतं आणि तुंबल्यावर कुठं खणायचं ते बायकोला आठवलं, मला नाही.

हजारातल्या दोनशे विटा बाद होतील असं धरा. आडव्या बसवल्या तर चौरस फुटाला साडेतीनच्या आसपास लागतात, म्हणजे सव्वादोनशे फूट निघेल. उभ्या कडेवर बसवल्या तर फुटाला पाच, जेमतेम एकशेसाठ, आणि उंची आणखी दीड इंच वाढते. परसू मोठं असेल तर नवी वीट आणून जोड देऊ नका, माप जुळत नाही. उरलेल्या कडेला शहाबादी फरशी टाका, नाहीतर तेवढा कोबा फोडून कढीपत्त्याला जागा करा.