नऊच्या ठोक्याला घरात शाळा कशाला?

प्रश्न : आम्ही ऐरोलीत राहतो. मुलाला सहा पूर्ण झाली, पण जूनमध्ये पहिलीत न घालता मी त्याला घरीच शिकवायला घेतलं. नऊ ते एक तास लावते : मराठी, गणित, इंग्रजी, परिसर. वही समोर आली की रडारड. सासूबाई म्हणतात, पोराचं वर्ष फुकट चाललंय. पुढे शाळेत घालायचं ठरलं तर घेतील का? आणि दहावीचं काय?
– एक आई

उत्तर : ताई, मी ठाण्यात वर्षानुवर्षं पहिलीचा वर्ग घेतला. वर्गातला निम्मा वेळ हजेरी, डबे आणि ‘बाई, यानं माझा खोडरबर घेतला’ यातच जायचा. एकट्या पोराला नऊ ते एक बसवता म्हणजे तुम्ही त्याला आमच्या दुप्पट राबवताय. ते वेळापत्रक भिंतीवरून काढा. सकाळी तासभर, संध्याकाळी अर्धा तास, पहिल्या वर्षाला पुष्कळ झालं.

वही काही दिवस कपाटात राहू दे. या वयात बोटं लवकर दमतात, डोळे दमत नाहीत. त्याला ऐरोलीहून तुर्भ्यापर्यंत लोकलने न्या. तक्त्यातला ‘ऐ’ ऐरणीचा असतो, आणि ऐरण त्यानं कुठे पाहिलीय? ऐरोलीची पाटी मात्र घराजवळच आहे. पुढे रबाळेत ळ, घणसोलीत ण, कोपरखैरणेत खै, तुर्भेत रफार. गाडी थांबते तेवढ्यात पाटी वाचायची. घरी आल्यावर ताटात रवा पसरून त्यातलं एखादंच अक्षर बोटाने काढू द्या. पेन्सिल तो आपणहून मागेल. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात, ती तुमच्यासाठी ठेवा.

सासूबाईंशी वाद नको, त्यांना गणित द्या. पावशेर गवार, अर्धा किलो कांदे, शंभराची नोट, परत किती? बाई एखादी चूक सोडून देतील, आजी रुपयासुद्धा सोडणार नाही. रोज संध्याकाळी खाली पोरांत खेळणं मात्र हवंच, तिथे मी शाळेच्याच बाजूची आहे.

आता कायद्याचं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकवण्याचा उल्लेख फक्त तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांपुरता आहे, बाकीच्यांसाठी नाही. कलम १० मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य मानतं, पण पालकांना दंडाची तरतूद त्यात नाही. कलम ४ प्रमाणे शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो, म्हणजे महापालिकेच्या शाळेचं दार उघडं आहे. खासगी शाळेत जागा आणि त्यांची मर्जी, दोन्ही बघावं लागतं. दहावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, देता येते. त्याला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. तोवर जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर एकच आहे ना, तेवढं तपासून घ्या. पालक नेमके तिथेच अडकलेले मी पाहिलेत.