२५ हजार रुपयांत जुन्या स्विफ्टची साउंड सिस्टीम सुधारायची असेल तर कोणते भाग घ्यावेत?

आपल्या प्रश्नावरून मला समजलेली परिस्थिती अशी आहे. खानापूरहून बेळगावला आपली रोजची ये-जा असते. गाडीत कंपनीचाच टचस्क्रीन स्टिरिओ आणि चारही दारांत कंपनीचेच साडेसहा इंची स्पीकर आहेत. खर्चाची मर्यादा २५ हजार रुपये आहे, आणि तेवढ्यात एका दुकानदाराने आपल्याला मोठ्या पडद्याचा अँड्रॉइड स्टिरिओ, ‘१००० वॅट’ छापलेला ॲम्प्लिफायर आणि डिकीत ठेवायची १२ इंची बास ट्यूब असा संच सुचवला आहे. आपल्याला शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत आणि जुनी चित्रपटगीते ऐकायची आहेत, असेही आपण लिहिले आहे.

हा संच आपण घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानदार फसवतो आहे असे मी म्हणत नाही. बेळगाव-निपाणी पट्ट्यात गाडीत साउंड बसवायचा म्हणजे मागची काच थरथरली पाहिजे अशीच बहुतेक गिऱ्हाइकांची अपेक्षा असते, आणि जे खपते तेच तो पुढे करतो. आपल्याला मात्र गाडीत गणपतीच्या मिरवणुकीतला डॉल्बी नको आहे. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर आणि मंद्र पंचम सुमारे १०४ हर्ट्झवर असतो. सबवूफरचे, म्हणजे बास ट्यूबमधल्या मोठ्या स्पीकरचे, काम साधारण ८० हर्ट्झच्या खाली सुरू होते. म्हणजे गायकाचा आवाज, हार्मोनियम, सारंगी, तानपुरा आणि तबल्याचाही बराचसा भाग आपल्याला समोरच्या दोन दारांतूनच ऐकू येणार, आणि दुकानदाराच्या संचात नेमकी तीच दोन दारे जशीच्या तशी राहतात.

म्हणून सगळा पैसा समोर लावावा. माझी वाटणी अशी राहील: समोरच्या दारांसाठी कंपोनंट स्पीकरची (तीव्र स्वरांचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्विटर, वेगळा असलेली) जोडी ८ हजार, छोटा चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर ८ हजार, दोन दारांच्या डॅम्पिंगचे, म्हणजे पत्र्याची थरथर शमवण्याचे, सामान ३ हजार, वायरी आणि फ्यूज २ हजार, आणि उरलेले ४ हजार मजुरी, स्पीकरखालच्या रिंगा व किरकोळ खर्चासाठी. दुकानागणिक हजार-पाचशे इकडचे तिकडे होतील. स्टिरिओ बदलू नये. मागचे स्पीकर आहेत तसे कंपनीच्या स्टिरिओवरच, पण हळू आवाजात, चालू ठेवावेत. सबवूफर या खेपेस घेऊच नये.

आता वॅटबद्दल, कारण दुकानातला सगळा व्यवहार त्याच आकड्यावर चालतो. खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुधा ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ असतो. आपण फक्त आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी शक्ती, हा आकडा वाचावा, आणि तो चार ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरच्या विद्युत रोधाचे माप) किती आहे हे पाहावे. तो कुठेच छापलेला नसेल तर ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज पाहावा, कारण फ्यूज सहसा खोटे बोलत नाही. समजा फ्यूज २५ अँपिअरचा आहे. इंजिन चालू असताना सुमारे १४ व्होल्ट मिळतात, म्हणजे त्या यंत्रात जास्तीत जास्त ३५० वॅट शिरतात. एबी क्लासचा, म्हणजे जास्त वीज उष्णतेत घालवणाऱ्या रचनेचा, ॲम्प्लिफायर असेल तर त्यातले निम्म्याहून थोडे अधिक, म्हणजे दोनशेच्या आसपास, बाहेर पडतात. डी क्लासचा, म्हणजे कमी वीज वाया घालवणाऱ्या रचनेचा, असेल तर पावणेतीनशेच्या आसपास. खरोखरचे १००० वॅट हवे असतील तर काहीही वाया गेले नाही असे धरले तरी ७० अँपिअरहून जास्त प्रवाह लागेल, आणि छोट्या गाडीचा अल्टरनेटर दिवे, वायपर व एसी सांभाळून तेवढा देऊ शकत नाही. स्टिरिओवर छापलेल्या ‘५० × ४’चीही हीच गत आहे: त्यातून प्रत्येक स्पीकरला प्रत्यक्षात १८ ते २० वॅट आरएमएस मिळतात.

वॅट दुप्पट केले तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठा वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट, लागतात. याच कारणाने स्पीकर निवडताना मी आधी सेन्सिटिव्हिटी पाहतो. एका वॅटला एक मीटरवर ९१ डेसिबल देणारा स्पीकर ८८ डेसिबलच्या स्पीकरपेक्षा निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज देतो, आणि ही बचत ॲम्प्लिफायरच्या किमतीत थेट दिसते. पायोनिअर, सोनी, जेबीएल, इन्फिनिटी यांपैकी कोणतीही जोडी घेतली तरी चालेल. मात्र सेन्सिटिव्हिटी ९० च्या आसपास, आरएमएस ५० ते ७० वॅट, चार ओहम आणि पॉलिप्रॉपिलीनचा कोन असावा. कागदी कोनाचा सूर गोड असतो हे खरे आहे, पण खानापूरच्या पावसात साधा कागद मी दारात ठेवणार नाही.

कंपोनंट घ्यायचे ते एवढ्यासाठी की त्यात ट्विटर वेगळा येतो. दारातला स्पीकर आपल्या पोटरीशी बोलत असतो आणि तीव्र स्वर सरळ रेषेत जातात, त्यामुळे को-ॲक्शिअल, म्हणजे ट्विटर मध्येच बसवलेल्या, स्पीकरमध्ये तानपुऱ्याचा झंकार पायाशीच हरवतो. ट्विटर आरशामागच्या त्रिकोणी प्लास्टिकमध्ये बसवला की गायक समोर, काचेच्या उंचीवर, बसल्यासारखा वाटतो. दुकानात आवाज पारखताना तेथील धडधडणारी गाणी न ऐकता स्वतःचे ध्वनिमुद्रण न्यावे. आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे कोणतेही चांगले मुद्रण त्यासाठी उत्तम आहे, कारण त्यांचे तानपुरे इतके काटेकोर लागलेले असतात की ट्विटर कर्कश असेल तर पहिल्या मिनिटातच कळते.

आता दार. या कामात सर्वांत जास्त फरक येथे पडतो, आणि सर्वांत जास्त टाळाटाळही येथेच होते. स्पीकरचा कोन पुढे सरकतो तेव्हा मागे उलटी लाट तयार होते; दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोके असल्याने ती लाट वळसा घालून पुढे येते आणि पुढच्या लाटेला खाऊन टाकते. खालचे स्वर पातळ वाटतात याचे मुख्य कारण हे आहे, स्पीकर लहान असणे नव्हे. उपाय असा की बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइल रबराचे, ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेले शीट रोलरने दाबून चिकटवावे आणि आतल्या पत्र्याची भोके बंद करावीत. पूर्ण पत्रा मढवण्याची गरज नसते. मोठ्या सपाट भागांचा निम्मा पत्रा झाकला तरी त्याची टणटण थांबते. बोटाने टिचकी मारून पाहावे, आवाज ठस्स आला की पुरे. शीट डांबराचे असेल तर घेऊ नये, उन्हात ते पाघळते आणि गाडीत वास भरून राहतो.

येथे पावसाचा हिशेब आवर्जून करावा लागतो. काचेच्या पट्टीतून दारात पाणी शिरतेच आणि ते खाली बारीक छिद्रांतून बाहेर पडते. उत्साहाच्या भरात ही छिद्रे शीटखाली गेली तर आषाढात दारात पाणी साचेल आणि दार तळातून गंजेल. आतला प्लास्टिकचा पडदा काढला असेल तर भोके बंद करताना पाणी केबिनमध्ये येणार नाही याचीही खात्री करावी. स्पीकरखालची रिंग एमडीएफची नको, कारण ती पाणी पिऊन फुगते. मरीन प्लायची, दोन्ही बाजूंनी रंगवलेली असावी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कोणी ओळखीचा लेथवाला असेल तर नायलॉनची रिंग वळवून घ्यावी. मला तोच सर्वांत टिकाऊ उपाय वाटतो. रिंगेची जाडी ठरवण्यापूर्वी काच पूर्ण खाली करून ती स्पीकरच्या चुंबकाला लागत नाही, हे मोजून घ्यावे.

ॲम्प्लिफायर चार चॅनेलचा, प्रत्येक चॅनेलला चार ओहमवर ४० ते ६० वॅट आरएमएस देणारा पुरेसा आहे. कंपनीच्या स्टिरिओला मागे आरसीए आउटपुट (ॲम्प्लिफायरला सिग्नल देणारी गोल सॉकेटे) नसतील तर हाय-लेव्हल इनपुट असलेलाच ॲम्प्लिफायर निवडावा, म्हणजे स्पीकरच्या वायरीतूनच सिग्नल घेता येतो. सिग्नल आल्यावर तो आपोआप सुरू होण्याची सोय असेल तर आणखी चांगले. स्टिरिओमागच्या वायरी कापू देऊ नयेत. गाडीच्या मॉडेलचे कपलर बाजारात मिळतात आणि ते वापरले की पुढे सगळे पूर्ववत करता येते.

वायरीबाबत काटकसर करू नये. स्वस्त किटमधली वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. एक तार ब्लेडने खरवडल्यावर आत पांढरी निघाली तर ती तशी समजावी. एवढ्या ॲम्प्लिफायरला शुद्ध तांब्याची ८ गेजची वायर पुरते. मुख्य फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत असावा, कारण तो ॲम्प्लिफायरसाठी नसून वायर कुठे घासून पत्र्याला टेकली तर आग लागू नये यासाठी असतो. अर्थिंगची वायर जवळच्या पत्र्यावरचा रंग खरवडून घट्ट आवळावी. ती सैल राहिली की इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी गाण्यात ऐकू येते. पिवळ्या आवरणातली कोणतीही वायर एअरबॅगची समजून तिला हात लावू देऊ नये.

बसवून झाल्यावर दोन गोष्टी आपण स्वतः पाहाव्यात. दारातल्या स्पीकरच्या वायरींना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला, अधिकाला अधिक, तर दोन्ही कोन बाहेरच्या दिशेने उसळले पाहिजेत. एक आत गेला तर त्याच्या वायरी उलट्या आहेत. ही तपासणी ॲम्प्लिफायरपासून वायरी सोडवून करावी, आणि ट्विटरवर करू नये. दुसरी गोष्ट गेनची. गेन हे ॲम्प्लिफायरवरचे, स्टिरिओच्या सिग्नलशी मेळ घालणारे बटण आहे, आवाज वाढवण्याचे नाही. स्टिरिओ तीन-चतुर्थांश आवाजावर ठेवून, बास बूस्ट व लाउडनेस बंद करून, सूर फाटू लागेपर्यंत गेन वाढवावा आणि तेथून थोडा मागे आणावा. ट्विटर जळतात ते बहुतेक वेळा जास्त वॅटमुळे नव्हे, तर कमी वॅटच्या ॲम्प्लिफायरला फाटेपर्यंत ताणल्यामुळे. हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक हर्ट्झच्या खालचे स्वर दारांकडे जाऊ न देणारी सोय, सध्या ६० हर्ट्झच्या आसपास ठेवावा.

पुढच्या वर्षी पैसे उरले आणि खालचा भरीवपणा कमी वाटला, तर त्याच ॲम्प्लिफायरचे मोकळे असलेले तिसरे व चौथे चॅनेल जोडून एक १० इंची सबवूफर बंद पेटीत चालवता येईल. तेव्हा दारांचा फिल्टर ८० हर्ट्झवर न्यावा. डिकीत भाताची पोती न्यावी लागत असतील तर सीटखाली बसणारा चपटा, स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला सबवूफर बरा. पेटीतला घेताना मात्र चार ओहमचाच मागावा, कारण चार चॅनेलचे बहुतेक ॲम्प्लिफायर चॅनेल जोडल्यावर चार ओहमपेक्षा खाली चालत नाहीत, आणि दुकानात दोन ओहमचा स्वस्त पडतो म्हणून तोच आपल्या हातात दिला जाण्याची शक्यता असते.