लास्कर : लष्करातून जहाजावर

प्रश्न असा आहे : दुसऱ्या महायुद्धावरच्या एका जुन्या ब्रिटिश चित्रपटाची मराठी उपशीर्षकं करताना 'लास्कर' हा शब्द अडला. कप्तान आपल्या हिंदी खलाशांना तसं म्हणतो. हा आपलाच 'लष्कर' का? 'लष्करी माणसं' असं लिहिलं तर चालेल का?

शब्द आपलाच, पण 'लष्करी माणसं' लिहिलंत तर प्रेक्षक बंदुका शोधत बसेल. मूळ फारसी 'लश्कर' म्हणजे फौज किंवा तिचा तळ. पुण्यात कॅम्पला 'लष्कर' म्हणतात, त्यात हा तळाचा अर्थ अजून शाबूत आहे. 'लश्करी' म्हणजे फौजेतला माणूस. पोर्तुगिजांनी हा शब्द उचलला तो हिंदी शिपायासाठी. इंग्रजांच्या तोंडी मात्र तो तोफा ओढणारा, तंबू ठोकणारा, जहाजावरचा खलाशी अशा अर्थांनी हिंडला आणि शेवटी मुख्यतः जहाजावरच राहिला. गंमत म्हणजे 'खलाशी'सुद्धा तंबू, तोफा, जहाज असाच हिंडलेला शब्द. रेल्वेतही तो वापरला गेला.

मग सरळ 'खलाशी' का नको? अर्थ पोचेल, पण एक गोष्ट सुटेल. 'लास्कर' ही नुसती ओळख नव्हती, तो कराराचा प्रकार होता. 'लास्कर' म्हणून भरती झालेल्याला त्याच जहाजावरच्या गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी पगार आणि कमी जागा मिळे. 1939 मध्ये युद्ध सुरू होताच हिंदी खलाशांनी ठिकठिकाणी संप केले ते यावरूनच. तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे सुमारे 50 हजार लोक होते, म्हणजे साधारण चारातला एक. जुन्या युद्धपटांत हे प्रमाण शोधून सापडत नाही. 'इन विच वुई सर्व्ह' (1942) मध्ये सगळे गोरे, पण ती लढाऊ नौका आहे, त्यामुळे तक्रार नाही. अमेरिकी 'लाइफबोट' (1944) मध्ये बुडालेलं जहाज व्यापारी, आणि होडीतला एकटा कृष्णवर्णीय माणूस कोण, तर स्टुअर्ड! पडद्यावर गोरा नसलेला माणूस बहुधा ट्रे घेऊनच येतो.

म्हणून माझं मत : कप्तानाच्या तोंडी 'लास्कर' तसाच ठेवा, त्यातला तुच्छपणाही राहू द्या. पण पडद्यावरचा माणूस कोण आहे हे कळत असेल, तर त्याचं खरं पद लिहा. ही पदं आपल्याला परकी नाहीत. डेकवरच्यांचा मुकादम तो सारंग (फारसी 'सरहंग'), त्याच्या हाताखालचा तांडेल, सुकाणू धरणारा सुकाणी. इंजिनात भट्टी पेटती ठेवणारा आगवाला, तेल घालणारा तेलवाला. खलाशांचा स्वयंपाकी भंडारी. इंग्रजांनी हे शब्द घेतले आणि वेडेवाकडे केले; सुकाणीचा 'सीकनी' झालेला पाहून मी पहिल्यांदा हसलोच होतो. आपल्या किनाऱ्यावर सारंग आणि तांडेल ही आडनावंच आहेत, त्यामुळे सारंगाला उगाच 'बोसन' (डेकवरच्या मुकादमाचं इंग्रजी पद) करू नका. डेकवर रत्नागिरीकडची माणसं पुष्कळ असत, आणि जेवणघरात बहुतेक गोवेकर. मुंबईत हे गोवेकर गावागावांच्या कुडांत, म्हणजे एका गावच्या लोकांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहून पुढच्या जहाजाची वाट पाहत.

एक काळजी घ्या. विसाव्या शतकात समुद्रावर हा शब्द मुख्यतः व्यापारी जहाजांवरच्या खलाशांसाठी आहे. रॉयल इंडियन नेव्हीतल्या शिपायांना, म्हणजे फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळावर बंड करून उठलेल्यांना, 'लास्कर' म्हणणं चूक. त्यांना तेव्हा 'रेटिंग' म्हणत. उपशीर्षकात 'नौसैनिक' लिहा.